आयोडीन

एसी मुद्दाम बंद केला होता.
लिसम्मा सिस्टर म्हणाली, पाठ उघडी करा, बाहेर कुणी नाही.
मग मानेपासून कमरेपर्यंत आयोडीन फासलं,
लग्नाआधी हळद लावतात तसं, पण घाईघाईनं,
आणि वर मक्याचं पीठ भुरभुरवलं,
भाकरीखाली टाकतात तेवढंच.
आता बसा. घाम येऊ दे.

फहाहीलमध्ये ऑगस्टात घाम मागावा लागत नाही.
दाराच्या कडीलासुद्धा येतो.
अश्फाक शुऐबाहून परततो
तेव्हा त्याच्या शर्टावर मिठाचे बांध असतात
एकात एक, मिठागरासारखे.
बादलीत बुडवते मी ते रोज.
उवैसला येत नाही.
सहा वर्षांचा झाला. एक थेंब नाही.

आठव्या महिन्यात ताप एकशे पाचला गेला
आणि तिथंच बसला.
तीन डॉक्टर, तीन बाटल्या गोड औषधाच्या.
शेजारच्या खालाने नजर काढली, मिरच्या जाळल्या,
खोली आणखी तापली.
पुढं दात आले ते दोनच, खिळ्यासारखे.
केस कणसाच्या तुऱ्यासारखे, फुंकरीनं उडतील असे.

शाळेत पीटीच्या तासाला तो वाचनालयात बसतो,
अंगात ओलं बनियन,
दप्तरात फवाऱ्याची बाटली.
(काच पुसायची होती ती, माझी.)
मुलं विचारतात, तू म्हातारा आहेस का?
तो म्हणतो, नाही, बेडूक.
आणि त्यांच्यावर फवारा मारतो.

डॉक्टर हनानने आजाराचं नाव सांगितलं.
मी ते कागदावर मराठीत उतरवलं
तरी मला वाचता येईना.
ती म्हणाली, कातडी, केस, दात, घामाच्या गाठी,
पोटात सगळं एकाच पदरापासून होतं.
पदर, असं ती म्हणाली नाही. तो मी म्हणते.
मग तिनं विचारलं, तुम्हाला दात किती?
मी जिभेनं मोजले.
दोन कधी आलेच नव्हते,
म्हणून तर मी शाळेपासून ओढणीआड हसते.

वीस मिनिटं.
घाम आला तिथं पीठ काळंनिळं झालं.
नाही आला तिथं
फिकट पट्टे, कण्यापाशी खाली उतरलेले,
बगलेकडं वळून भोवऱ्यात शिरलेले.
सिस्टरनं माझ्याच फोनवर फोटो काढून दिला.
दाभोळच्या पुळणीवर ओहोटी जाताना
वाळूत रेघा सोडते ना, हुबेहूब त्या.
चौतीस वर्षं ही पाठ माझ्या मागं होती
आणि मला कुणी सांगितलं नाही.

टॅक्सीत मुस्तकीम आठवला.
माझा धाकटा भाऊ, अकरा महिन्यांचा,
मे महिना, पत्र्याखालची खोली.
तापानं गेला, एवढंच म्हणतात घरात.
अम्मीनं त्याला गोधडीत गुंडाळलं होतं,
वर आणखी एक गोधडी,
घाम फुटला की ताप उतरतो म्हणून.
रात्रभर ती घाम फुटायची वाट बघत होती.

हे मी अम्मीला कळवलेलं नाही.
फोनवर विचारते, जेवलीस का,
आंब्याला मोहोर कसा होता,
गुडघा काय म्हणतो.
तीही विचारते, पोराला आता येतो का गं घाम?
येईल, म्हणते मी.

आयोडीन तीन आंघोळींनी गेलं.
फोटो मी अश्फाकला दाखवला.
तो बराच वेळ बोटानं मोठा करत राहिला,
मग म्हणाला, नक्षी आहे.
पुढं काही बोलला नाही, जेवलाही कमीच.

आता रोज रात्री तो दारात बूट काढत असतो
तेव्हा उवैस त्याला गाठतो.
तळहातानं बापाच्या मानेवरचा घाम निपटतो,
स्वतःच्या कपाळाला लावतो, कानांमागं,
ईदच्या सकाळी अत्तर लावावं तसा जपून,
आणि धावत पंख्यासमोर जाऊन उभा राहतो.
गार, म्हणतो.
मिनिटभरात सुकतं.
परत येतो, हात पुढं.
अजून आहे?
अश्फाक मान खाली वाकवतो.